धडधड वेगळी, धोका वेगळा

छातीत धडधडलं की माणूस घाबरतो, आणि घाबरला की कुणाला तरी सांगतो. घरात सांगतो, शेजाऱ्याला सांगतो, शेवटी डॉक्टरपर्यंत पोचतो. ज्याला काहीच जाणवत नाही तो कुणाला काय सांगणार? हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा निम्मा प्रश्न इथेच आहे. पहिल्याचा त्रास बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतो. दुसऱ्याच्या घरी आजाराची पहिली खबर कधीकधी पक्षाघाताच्या रूपाने येते. हे पुस्तक दोघांसाठीही आहे, पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरा माणूस जास्त होता.

मालवण तालुक्यातल्या एका वाडीतून एक जोडपं तपासणीला ओरोसला आलं होतं. तक्रार बाईंची. रात्री अंथरुणावर पडलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. "काळीज मधीच थांबता, आणि मगे धपकन उडता," असं त्यांनी सांगितलं. हृदयात काय घडतंय याचं इतकं नेमकं वर्णन पुस्तकातही क्वचित सापडतं. त्यांचे यजमान शेजारी बसले होते, छत्री दोन गुडघ्यांत धरून, मांडीवर जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन. बाईंचा ईसीजी काढला. मधूनमधून एखादा आगाऊ ठोका होता, एवढंच. इको चांगला, थायरॉइड चांगला, रक्त किंचित कमी. त्यांना समजावून सांगितलं, आणि उठता उठता यजमानांच्या मनगटावर बोटं ठेवली. एका ठोक्याचं दुसऱ्या ठोक्याशी अंतर जुळेना. दोन जवळजवळ, मग खंड, मग एक जोरकस, मग तीन पुसटसे. रक्तदाब १७०. "माका काय जाला? मी अजून माडार चडतंय," असं म्हणून ते हसले. त्यांच्या ईसीजीची पट्टी निघाली तेव्हा बाईंना रडू आलं, आणि त्या दिवशीची औषधं त्यांच्याऐवजी यजमानांच्या नावावर लिहिली गेली.

आता यात घडतं काय ते पाहू. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, मोठी शीर जिथे येऊन मिळते तिथे, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. विजेचा संदेश तिथे उमटतो, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकून खालच्या कप्प्यांत उतरतो. ही मधली गाठ सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये दाखवून दिली होती. माणूस निवांत बसलेला असताना हा प्रकार मिनिटाला साठ ते शंभर वेळा घडतो. दिवसाला साधारण एक लाख ठोके. त्यातला एखादा मध्येच, ठरल्या वेळेआधी पडला तर नवल नाही. तसा ठोका पडला की पुढचा थोडा लांबतो, तेवढ्या वेळात हृदयात जास्त रक्त भरतं आणि नंतरचा ठोका जोरात बसतो. बाईंचं 'थांबणं' आणि 'उडणं' ते हेच. निरोगी हृदयातल्या अशा ठोक्यांना औषध लागतंच असं नाही. चहा, जागरण, तंबाखू, अंगात रक्त कमी असणं, मनावरचा ताण यांकडे पाहावं लागतं. मात्र "टेन्शन घेऊ नकोस" एवढं बोलून कुणाची धडधड थांबलेली मी पाहिलेली नाही. काय घडतंय ते चित्र काढून दाखवलं की मात्र पुष्कळांना झोप लागते.

यजमानांच्या हृदयात घडत होतं ते निराळं. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाव मोठं असल्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही 'एएफ'वर भागवतात. गणपतीच्या आरतीत मृदंगवाला ताल धरून असला की घरभरच्या टाळ्या आणि झांजा त्याच्यामागे जातात. मृदंग थांबला आणि ज्याने त्याने आपापल्या मनाने झांज वाजवायला घेतली तर जो गोंगाट होईल, तसं या आजारात वरच्या कप्प्यांचं होतं. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे संदेश तिथे उसळत असतात. कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मधली गाठ सगळे संदेश खाली जाऊ देत नाही, हे आपलं नशीब. जे सुटतात ते कसेही सुटतात. म्हणून नाडी वेगवान तर होतेच, शिवाय तिच्यात कसलाच हिशेब राहत नाही.

माणूस ही थरथर घेऊन वर्षानुवर्षं जगू शकतो. थोडा दम लागतो, चढण चढताना पाय जड होतात, आणि वय झालं म्हणून तो ते सोडून देतो. संकट उद्भवतं ते साचलेल्या रक्तातून. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा नीट आकुंचन पावेनासा झाला की त्या पिशवीत रक्त रेंगाळतं आणि त्याची गुठळी होते. ती सुटली की रक्ताच्या ओघात बरेचदा मेंदूकडे जाते. मग एका बाजूचा हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. आपल्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं जातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या रहिवाशांची कित्येक वर्षं पाहणी करणाऱ्या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलं की एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट असते. धडधड जाणवते की नाही, याच्याशी गुठळीला काही देणंघेणं नसतं.

हे सगळं सिंधुदुर्गात बसून लिहिण्याला कारण आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला, ओरोसच्या माळावर कचेऱ्या उभ्या राहिल्या, जिल्हा रुग्णालय आलं, २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. त्याच काळात गावं म्हातारी होत गेली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. देश वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत आपण बसलो. हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया आहेत, कारण कमावते पुरुष मुंबईला, पुण्याला, गोव्याला. मागे राहिली ती सत्तरीतली माणसं, मोठी घरं आणि गणपतीत, शिमग्यात येणारे चाकरमानी. एएफ हा वयाबरोबर वाढणारा आजार आहे. पासष्टीनंतर त्याचं प्रमाण वाढतं, पंचाहत्तरीनंतर आणखी. म्हणजे ज्या वयात तो येतो नेमक्या त्याच वयाची माणसं इथे एकटी राहतात.

शिवाय रस्ता. गुठळीने झालेल्या पक्षाघातावर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. देवगडच्या किनाऱ्यावरची वाडी किंवा दोडामार्गातलं एखादं डोंगरातलं घर डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठवायला गेल्यावर आजोबा बोलत नाहीत हे कळतं. ते रात्री किती वाजता बोलायचे थांबले हे कुणालाच माहीत नसतं. मग १०८ ला फोन, वाडीच्या पायवाटेवरून खुर्चीत घालून रस्त्यापर्यंत, पुढे कणकवली किंवा ओरोस, तिथून गरज पडली तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज किंवा घाट चढून कोल्हापूर. 'बांबोळीक न्हेलो' एवढे दोन शब्द ऐकले की इकडच्या कुठल्याही गावाला परिस्थिती कळते. बांबोळीने या जिल्ह्यातल्या असंख्य लोकांचे प्राण वाचवले आहेत, त्या ऋणाची जाणीव ठेवूनच मी हे लिहितो. तरीही रस्ता लांब आहे, आणि तो उद्या आखूड होणार नाही. म्हणून पक्षाघात झाल्यावर काय करायचं यापेक्षा तो होऊ नये म्हणून घरात काय करता येईल, यालाच या पुस्तकात जास्त पानं दिली आहेत.

घरात पहिली गोष्ट करता येते ती नाडी पाहणं. पाच मिनिटं स्वस्थ बसावं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला मधली तीन बोटं हलकेच टेकवावीत. आपला अंगठा वापरू नये, त्याची स्वतःची नाडी फसवते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची घाई इथे चालत नाही, कारण आकड्याइतकाच ठोक्यांमधल्या अंतरांकडे कान द्यायचा असतो. एखादा ठोका गळाला आणि पुन्हा ताल लागला तर फारसं बिघडत नाही. ताल लागतच नसेल तर ईसीजी काढून घ्यावा, त्रास असो वा नसो. पुष्कळ घरांत आता रक्तदाबाचं डिजिटल यंत्र असतं. त्यातल्या काही यंत्रांवर अनियमित ठोक्यांसाठी हृदयाचं एक चिन्ह लुकलुकतं. लोक त्याला बॅटरी उतरल्याची खूण समजतात. ते चिन्ह पुन्हा पुन्हा दिसलं तर तेही ईसीजी काढण्याचं कारण आहे. एएफमध्ये असं यंत्र दर वेळी थोडा निराळा आकडा दाखवतं, म्हणून तीनदा मोजून सरासरी काढावी.

ईसीजीच्या पट्टीविषयी एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट. विलेम आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत हे यंत्र बनवलं आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुइसने याच यंत्राच्या मदतीने या बेबंद नाडीचं मूळ वरच्या कप्प्यांच्या थरथरीत आहे हे दाखवलं. आजची पट्टी मात्र उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर निघते. हा कागद आपल्याकडच्या हवेत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कपाटातल्या गरमीत हळूहळू पांढरा पडतो. ज्या पट्टीत एएफ सापडलं होतं तीच दोन वर्षांनी कोरी होऊन समोर येते आणि सगळा शोध पुन्हा सुरू करावा लागतो. पट्टी निघाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, वर तारीख आणि वेळ लिहा. धडधड येऊन-जाऊन असेल तर ती चालू असतानाची पट्टी सोन्याच्या मोलाची. थांबल्यावर काढलेली बहुधा नॉर्मलच येते. अशा वेळी चोवीस तास छातीवर बांधायचं होल्टर लावतात. मॉन्टाना राज्यातल्या नॉर्मन होल्टरने १९६१ मध्ये ते जगापुढे मांडलं, त्याचंच नाव यंत्राला चिकटलं.

यंत्रं फारशी नसताना कोकणातल्या एका डॉक्टरने हृदयाचं निरीक्षण करून काय साधलं, ते इथे सांगितलंच पाहिजे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं, शेतमजूर त्यांच्यासमोर दगावत होते. घाम, थंडगार हातपाय, मध्येच चुकणारे ठोके, मग छातीत पाणी, आणि मृत्यू. बावस्करांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून हा क्रम टिपला. विंचवाच्या विषाने शरीरातल्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठतं आणि त्याचा मार हृदयावर बसतो. सुरुवातीची ही लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं. पूर्वी अशा गंभीर रुग्णांतले शंभरातले चाळीसच्या आसपास जात. ते प्रमाण एकाच्या जवळ आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषाने बिघडणारे ठोके आणि म्हातारपणातलं एएफ या निराळ्या गोष्टी आहेत. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरने मनगटावर बोट ठेवून लक्षपूर्वक पाहिलं तर काय होऊ शकतं, हे याच कोकणाने जगाला दाखवलं आहे. माझ्या मते आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा इतिहास शरीररचनेच्या आधी सांगावा.

एएफ येतं कशामुळे? सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब. आणि रक्तदाबाचं बोलायचं तर आपल्या पावसाळ्याचं बोलावं लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळत नाही, आणि घराघरांत सुकट, सुके बांगडे, खारं निघतं. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर त्याची गोडी मलाही ठाऊक आहे. पण त्यातलं मीठ रक्तदाबाच्या रुग्णाच्या हिशेबात धरायला हवं. निदान सुकं भिजवून, पाणी काढून टाकून करावं आणि वर लोणचं घेऊ नये. दुसरं कारण दारू. सुट्टीत, सणावारी एकदम बरीच दारू घेतल्यावर धडधाकट माणसाच्याही हृदयाचा ताल सुटतो. या प्रकाराला डॉक्टर 'हॉलिडे हार्ट' म्हणतात, १९७८ पासून. मधुमेह, लठ्ठपणा, झोपेत घोरताना श्वास अडकणं, थायरॉइड जास्त काम करणं ही आणखी काही. थायरॉइडची साधी रक्ततपासणी एएफच्या प्रत्येक रुग्णाची एकदा तरी व्हावी, कारण ते कारण सापडलं तर मुळावरच इलाज करता येतो.

एक कारण आपल्याकडे अजून गेलेलं नाही. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, बरं वाटलं, शाळा सुरू झाली. वीसेक वर्षांनी, बहुधा पहिल्या बाळंतपणात, त्या मुलीला दम लागतो आणि कळतं की त्या तापाने हृदयाची झडप खाल्ली होती. हा संधिवाताचा ताप. अरुंद झालेल्या झडपेमागे डावा वरचा कप्पा फुगतो आणि चाळिशीच्या आतच एएफ सुरू होतं. कोकणातल्या अशा पिढ्यांची वाट परळच्या केईएमकडे जायची. १९२६ साली सुरू झालेलं ते रुग्णालय गिरणगावात होतं आणि गिरणगावात आपलीच माणसं होती. गावकीच्या खोलीवर पथारी टाकायला जागा असायची, डबा पोचवायला कुणी चुलतभाऊ असायचा. झडपेच्या रुग्णांच्या फायलींइतकंच त्या खोल्यांचं मोल आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. आता मुलांचा घसा वेळेवर बरा करणं आणि ज्यांना हा ताप येऊन गेला आहे त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन न चुकता देणं, हे जवळच्या आरोग्य केंद्रातच होऊ शकतं.

आता गोळ्या. एएफमध्ये दोन कामं असतात. ठोक्यांचा वेग ताब्यात ठेवणं किंवा ताल पुन्हा जुळवणं हे एक, आणि गुठळी होऊ न देणं हे दुसरं. वेगासाठी बीटा ब्लॉकर वापरतात, काहींना डिगॉक्सिन देतात. डिगॉक्सिनचं घराणं जुनं. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये इंग्लंडमधल्या एका झाडावर पुस्तक लिहिलं तिथपासूनचं. त्याच जातीचं विष आपल्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत असतं, आणि त्याने हृदय बंद पडून माणसं मेली आहेत. म्हणून 'हृदयाला चांगला' असा कुठलाही पाला किंवा बी कुणी दिलं तर घेऊ नका. ताल जुळवण्यासाठी औषधं आहेत, विजेचा धक्का आहे, आणि शिरेतून तार नेऊन बिघडलेली जागा निकामी करणारं अ‍ॅब्लेशन आहे. बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की पुष्कळदा हा गोंधळ फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतो. अ‍ॅब्लेशनचा पाया तो. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासानंतर, आजार नवा असताना ताल जुळवण्याचा प्रयत्न लवकर करावा, याकडे तज्ज्ञांचा कल वाढला आहे. म्हणून नव्याने एएफ सापडलेल्या माणसाने एकदा हृदयविकारतज्ज्ञाशी बोलावं.

पण पक्षाघात टळतो तो दुसऱ्या कामाने, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने. योग्य माणसाने ती नीट घेतली तर पक्षाघाताची शक्यता सुमारे दोनतृतीयांशाने घटते. 'हार्टची गोळी' म्हणून चालू असलेली अ‍ॅस्पिरिन हे काम करत नाही. २०११ च्या एका अभ्यासात अ‍ॅपिक्साबॅन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी तिच्यापेक्षा कितीतरी सरस ठरली, आणि रक्तस्राव जवळजवळ सारखाच होता. ज्यांना एएफ आहे आणि फक्त अ‍ॅस्पिरिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा. विचारण्यात अनादर नाही.

या गोळ्या आपल्याकडच्या ऋतूंशी आणि रीतींशी कशा भिडतात हे परदेशी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. जुनी गोळी अ‍ॅसेनोकुमेरॉल किंवा वॉरफरिन. झडप अरुंद असलेल्यांना आणि धातूची झडप बसवलेल्यांना आजही हीच लागते. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन यांच्या पुढाकाराने झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संधिवाताच्या झडपेमुळे एएफ झालेल्या साडेचार हजार रुग्णांत एका नव्या गोळीपेक्षा जुनीच सरस ठरली. ही गोळी 'के' जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि ते जीवनसत्त्व हिरव्या पाल्यात भरपूर असतं. आषाढात टाकळा उगवतो, अळू माजतं, कुर्डू मिळतो. श्रावणात मासे बंद होतात. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. एरवी आठवड्यातून एकदा पाला खाणारा माणूस रोज पाला खाऊ लागतो आणि गोळीचा असर उतरतो. रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा पीटी-आयएनआर बहुतेकांत दोन ते तीनच्या मध्ये हवा, तो दीडवर येतो. भाजी सोडायची गरज नाही. वर्षभर थोडी थोडी, सारखी खावी, आणि श्रावणात एक तपासणी जास्त करावी.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पाल्याची अडचण नाही. पण रिव्हरोक्साबॅन भरल्या पोटी, जेवणाबरोबर घ्यावी लागते; एकादशीला, संकष्टीला नुसत्या चहावर घेतली तर ती नीट अंगी लागत नाही. उपवास करायचाच असेल तर ज्या वेळी पोटभर खाल त्या वेळी घ्या. डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूलला दमट हवा सोसत नाही. मुंबईची सून प्रेमाने वारांचे कप्पे असलेली डबी आणून देते आणि जूनमध्ये त्यात कॅप्सूल काढून ठेवल्या जातात. ही एक गोळी मात्र कंपनीच्या वेष्टनातच राहू द्यावी आणि घेताना फोडावी. अ‍ॅपिक्साबॅन दिवसातून दोनदा घ्यायची, आणि संध्याकाळची हमखास विसरते. या सगळ्यांचा असर एका दिवसात ओसरतो. गणपतीच्या गर्दीत दोन दिवस गोळी राहिली तर ते दोन दिवस माणूस उघड्यावर असतो. दात काढायचा म्हणून, रक्त आलं म्हणून, 'उंदराच्या औषधातलं असतं' असं कुणी म्हणालं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. वॉरफरिनचा वापर उंदरांवर झाला हे खरं आहे. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ती दिली होती, हेही खरं आहे. जपायचं ते गुडघेदुखीच्या गोळ्यांपासून. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन यांच्या जोडीने पोटात रक्तस्राव होतो. शौचास डांबरासारखं काळं झालं, डोक्याला मार बसला, तर वाट पाहू नये.

आणि माडावर चढणं? त्या यजमानांना मी ते बंद करायला सांगितलं आणि ते माझ्यावर रागावले. रक्त पातळ असताना उंचावरून पडणं जिवावर बेततं, एवढं सांगून मी थांबलो. काही काळाने त्यांनी पुतण्याला माडावर चढवला आणि स्वतः खाली उभं राहून त्याच्या चुका काढू लागले. चालणं, शेतात वाकून काम करणं, नवरा-बायकोचं नातं, यातलं काही एएफमुळे थांबवावं लागत नाही. समुद्रात होडी घेऊन जाणाऱ्याने मात्र एकट्याने जाऊ नये.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात. तरुण माणसाला एकदम, बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते आणि तशीच थांबते, ती बहुधा वरच्या बाजूच्या जादा वाटेमुळे. तोंड मिटून जोर लावण्याची आणि लगेच आडवं पडून पाय उंच करण्याची एक युक्ती त्यावर चालते. २०१५ च्या अभ्यासात ती चाळीस टक्क्यांहून जास्त जणांत लागू पडली. ती डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. नाडी फार मंद, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी, असं असेल तर पेसमेकरचा विचार करावा लागतो. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम कोंडणं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर 'ग्यास झालो असतलो' म्हणून सोड्याचं पाणी देत बसू नका. १०८ ला फोन करा.

रुग्णांचं ऐकावं, हे मला या विषयाने शिकवलं. १९१२ मध्ये वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे पूर्वेच्या मुलुखात राहिलेला एक व्यापारी आला आणि म्हणाला, माझ्या हृदयाचा बिघडलेला ताल मी क्विनीन घेऊन जागेवर आणतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो माणूस नियमित नाडी घेऊन परत आला. पुढे त्याच सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडीन कित्येक वर्षं या आजारावर वापरलं गेलं. आपल्या छातीत काय चाललं आहे ते रुग्ण त्याच्या बोलीत, त्याच्या वेळेने सांगत असतो. या पुस्तकातली बरीच प्रकरणं तशा बोलण्यातून तयार झाली आहेत.

पुस्तक अनुक्रमाने वाचलं पाहिजे असं नाही. घाबरलेल्याने दुसरं प्रकरण आधी वाचावं, गोळ्या चालू असलेल्याने पाचवं. मुंबई-पुण्याच्या मुलांनी सहावं वाचावं. आई-वडिलांना फोनवर 'बरं आहे ना?' असं विचारलं की 'बरं आसा' असंच उत्तर येतं, त्याऐवजी काय विचारायचं ते तिथे आहे. आजचा नाडीचा आकडा, संध्याकाळची गोळी, पाकिटात उरलेल्या गोळ्यांची संख्या. शेवटी काही रकाने आखलेली पानं आहेत. तारीख, नाडी, ताल लागतो की नाही, रक्तदाब, आयएनआर, गोळीचं नाव आणि ताकद. पहिल्या रकान्याच्या वर शेजारच्या घरातल्या गाडीवाल्याचा नंबर आणि चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव ठळक अक्षरात लिहावं. ते पान फ्रिजवर किंवा देवघराशेजारी, रात्री दिवा लावल्याबरोबर दिसेल असं चिकटवावं, आणि रुग्णाला नेताना काढून बरोबर घ्यावं.

सिंधुदुर्गनगरी, ओरोस